कुत्र्याच्या कानातील परोपजीवी कीड : ती ओळखावी कशी?

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणकडे जाणारा रस्ता ज्या कसाल गावी फुटतो, त्या गावाच्या व आजूबाजूच्या वाड्यांच्या शेतीत कुत्र्याचे स्थान घरच्या बैलाइतके नसले तरी त्याच्या खालोखाल आहे. भात लोंबीवर आले म्हणजे रानडुकरे शेतात उतरतात; काजूला बोंडे धरली आणि माडावर शहाळी तयार झाली म्हणजे माकडांच्या टोळ्या येतात. अशा वेळी मांगराच्या दाराशी रात्रभर जागणारा कुत्रा शेतकऱ्याचे जे नुकसान वाचवितो त्याचा हिशेब कोठल्याही वहीत मांडलेला नसतो. मात्र ही राखण तो डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक करतो. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याला ४०,००० कंपनांच्याही वरचा ऐकू येतो. शेताच्या दुसऱ्या टोकाला पाचोळा वाजला तरी तो उठून उभा राहतो तो यामुळे.

असे असता या प्राण्याच्या कानाकडे शेतकऱ्याचे लक्ष बहुधा फार उशिरा जाते. कुत्रा डोके झटकू लागला, मागच्या पायाने कान ओरबाडू लागला, की "कानात पाणी गेले असेल" असे म्हणून दोन दिवस सोडून दिले जाते. त्यानंतर कोणी कोमट खोबरेल तेल ओततो, कोणी तंबाखूचे पाणी, तर कोणी रॉकेल किंवा फिनेलही घालतो. कानात नेमके काय झाले आहे हे पाहण्याचे मात्र राहून जाते. वास्तविक डोके झटकणे हा एक रोग नव्हे. निरनिराळ्या पाच-सहा कारणांनी दिसणारे ते एकच चिन्ह होय. कारण कोणते, हे ओळखण्याचा पुरावा बहुतेक वेळा कानातच असतो, व तो पाहण्यास फार मोठ्या साधनांची गरज नसते.

कानाची रचना

प्रथम कुत्र्याचा कान कसा असतो ते ध्यानी घ्यावे. मनुष्याच्या कानाचे छिद्र जवळजवळ सरळ आत जाते. कुत्र्याची कर्णनलिका मात्र वरून खाली उतरते आणि मग काटकोनात वळून आत जाते. तिच्या शेवटी कानाचा पातळ पडदा असतो. या वळणामुळे वरून कितीही वाकून पाहिले तरी पडदा उघड्या डोळ्यांना दिसत नाही. दुसरे असे की, आत गेलेले तेल, पाणी अथवा औषध आपोआप बाहेर निथळत नाही. ते वळणाशी साचून राहते. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतील ओल हटत नाही, तेथे अशा बंद, उबदार व ओलसर नळीत काय काय वाढू शकेल याची कल्पना करणे कठीण नाही. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत ही अडचण आणखी वाढते. गावठी कुत्र्यांचे कान बहुधा उभे अथवा अर्धे दुमडलेले असतात, त्यामुळे त्यांच्या कानात वारा खेळतो. तथापि कीड कानाचा आकार पाहून येत नाही.

कानातील कोळी

कानात राहणाऱ्या परोपजीवी किडींत सर्वांत महत्त्वाची कीड म्हणजे कानातील कोळी. येथे कोळी म्हणजे जाळे विणणारा घरातील कोळी नव्हे. नारळाच्या कोवळ्या फळांवर देठाजवळ तपकिरी खरबरीत डाग पाडणारा इरिओफाईड कोळी कोकणातील बागायतदारांच्या परिचयाचा आहे. कुत्र्याच्या कानातील जीव त्याच कोळीवर्गातला, मात्र निराळ्या कुळाचा होय. शास्त्रात त्याला 'ओटोडेक्टिस सायनोटिस' म्हणतात. एडुआर्ड हेरिंग या जर्मन पशुवैद्याने १८३८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पूर्ण वाढलेल्या किडीची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. तीक्ष्ण दृष्टीच्या माणसाला ती पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसू शकते, पण भिंग असल्यास खात्री पटते.

हा कोळी खरजेच्या किडीप्रमाणे कातडीत बिळे करीत नाही. तो कर्णनलिकेच्या पृष्ठभागावर राहून कातडीचे कोंड्यासारखे कण व तेथे झिरपणारा द्रव यांवर जगतो. मादी तेथेच अंडी घालते. सुमारे चार दिवसांत अंडी फुटतात आणि पुढच्या अवस्था पार करून अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास एकंदर तीन आठवडे लागतात. हा तीन आठवड्यांचा हिशेब शेतकऱ्याने लक्षात ठेवावा. उपचाराच्या वेळी त्याचा उपयोग होईल. पूर्ण वाढलेली कीड त्यानंतर दोन महिन्यांच्या आसपास जगते.

एवढ्या लहानशा किडीने जनावर इतके बेजार का व्हावे, असा प्रश्न काहींना पडेल. त्याचे उत्तर अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील रॉबर्ट लोपेझ या पशुवैद्याने स्वतःवर प्रयोग करून दिले. मांजराच्या कानातील जिवंत कोळी त्याने स्वतःच्या कानात घालून घेतले, व आलेला अनुभव १९९३ साली तेथील पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. कानात ओरखडल्याचे आणि सरपटल्याचे आवाज येऊ लागले, खाज असह्य झाली, आणि हा सारा त्रास रात्री इतका वाढे की झोप लागेना. त्याने हा प्रयोग पुढे पुन्हा केला. या उद्योगाबद्दल १९९४ साली त्याला विनोदी संशोधनासाठी दिले जाणारे 'इग नोबेल' पारितोषिक मिळाले. वाचणाऱ्याला हसू येईल. परंतु ज्याला बोलता येत नाही अशा प्राण्याच्या कानात काय चालले असते हे त्यावरून कळते. शिवाय त्रास रात्री वाढतो ही गोष्ट राखणदार कुत्र्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ज्या वेळी त्याने डुकरांची चाहूल घ्यावयाची, त्याच वेळी तो कान खाजवीत बसतो. "कुत्रा म्हातारा झाला, आता राखण करीत नाही" अशी तक्रार कोणी केल्यास त्याच्या वयाआधी त्याचे कान पाहावेत.

कोळ्यांचा प्रसार एका जनावराच्या अंगाला दुसऱ्याचे अंग लागल्याने होतो. व्यालेल्या कुत्रीकडून पिलांना ही कीड हमखास लागते, म्हणून ती पिलांत व लहान वयाच्या कुत्र्यांत अधिक आढळते. परंतु कोळ्यांचे खरे माहेर म्हणजे मांजर. मांजरांत हा विकार कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि पुष्कळ मांजरे फारशी खाज न दाखविता कीड बाळगून असतात. पडवीत एकाच गोणपाटावर कुत्रा व मांजर झोपत असतील, तर कुत्र्याच्या कानातील कीड मांजराकडून आली असण्याचा संभव मोठा असतो. मनुष्याला यापासून क्वचित थोडी पुरळ उठते, ती टिकत नाही. त्याविषयी भीती बाळगण्याचे कारण नाही.

चिन्हे व परीक्षा

पुढील चिन्हे दिसल्यास कानातील कोळ्यांचा संशय घ्यावा. कुत्रा दोन्ही कान खाजवितो व डोके वारंवार झटकतो. कानाच्या मागील बाजूचे केस झडतात, तेथे नखांचे ओरखडे व खपल्या दिसतात. कानाच्या बुडाशी बोटाने हलके चोळले असता तो त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप हलवू लागतो. या चिन्हांनी संशय बळावतो, पण निश्चिती होत नाही. निश्चितीकडे नेणारी गोष्ट म्हणजे कानातील मळ. कोळी असलेल्या कानात काळपट तपकिरी, कोरडा, भुसभुशीत मळ साचतो. चहाची बारीक भुकटी किंचित ओली होऊन पुन्हा वाळावी तसा तो दिसतो. निरोगी कुत्र्याच्या कानात थोडासा फिकट पिवळसर मेणचट मळ असतोच, त्याची काळजी करू नये.

कान पाहण्यापूर्वी दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. दुखऱ्या कानाला हात लागताच गरीब स्वभावाचा कुत्राही चावतो. यास्तव ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा घरच्या माणसाने त्याला धरावे, आणि मऊ कापडाच्या पट्टीने तोंड सैलसर बांधून घ्यावे. दुसरी खबरदारी त्याहून मोठी आहे. ज्या कुत्र्याचा स्वभाव एकाएकी पालटला आहे, तोंडातून लाळ गळते, खालचा जबडा लोंबतो, आवाज बदलला आहे अथवा जो कारण नसता अंगावर येतो, त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नये. ही पिसाळण्याची चिन्हे असू शकतात. कानाची तपासणी ज्याला रेबीजची प्रतिबंधक लस टोचलेली आहे अशा कुत्र्याचीच करावी. इतके करूनही चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

परीक्षा सकाळच्या उन्हात करावी. कानाची पाळी उलटी धरून आतील बाजू पाहावी व वास घ्यावा. बोटाला स्वच्छ पातळ कापड गुंडाळून, नजरेला दिसते तेवढ्याच भागातील मळ हलकेच टिपावा. काडीला कापूस गुंडाळून आत खोल कदापि घालू नये. मळ बाहेर येण्याऐवजी वळणाशी दाबला जातो आणि पडद्याला इजा होते. टिपलेला मळ काळ्या कागदावर पसरावा. काळा कागद नसेल तर जुन्या छत्रीचे कापड चालते. तो दोन-तीन मिनिटे कोवळ्या उन्हात ठेवून भिंगातून पाहावे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके सरकताना दिसले, तर कोळी आहेत असे समजण्यास हरकत नाही. गावपातळीवर काम करणारे कार्यकर्ते व पशुसखी यांनी आपल्या पिशवीत एक साधे भिंग बाळगल्यास ही परीक्षा घरोघरी दाखविता येईल. बोलून समजावण्यापेक्षा मालकाच्या डोळ्यांना सरकणारा ठिपका दाखविला की पुढचे काम सोपे होते.

ठिपके दिसले नाहीत म्हणजे कीड नाही असे मात्र मानू नये. कोळी थोडे असल्यास ते हातून सुटतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात हाच मळ तेलाच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा किडी व त्यांची अंडी दोन्ही दिसतात. मळ एखाद्या स्वच्छ डबीतून दवाखान्यात न्यावा. परंतु शक्यतो कुत्र्यालाही न्यावे. पडदा शाबूत आहे की नाही हे यंत्राने कानात पाहिल्याखेरीज कळत नाही, आणि औषध कोणते घालावयाचे हे त्यावरच अवलंबून असते.

कोळ्यांसारखी भासणारी इतर दुखणी

कुत्रा डोके झटकतो म्हणजे कोळीच झाले, असा समज करून घेणे तेवढेच चुकीचे आहे. कुत्र्यांच्या कानदुखीत कोळ्यांमुळे होणारी दुखणी थोडी असतात. त्याहून अधिक दुखणी बुरशी, जंतू व ओल यांमुळे होतात. कोकणच्या हवामानात तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

पावसाळ्यात कानातील मळ चिकट, तेलकट, पिवळसर तपकिरी झाला आणि त्याला आंबूस, कुबट वास येऊ लागला, तर ती बहुधा बुरशी असते. कानाची आतील कातडी लाल व जाड होते. जंतूंची लागण झाल्यास पिवळा अथवा हिरवट पू येतो, घाण सुटते आणि कानाला हात लावताच कुत्रा ओरडतो. येथे खाजेपेक्षा वेदना अधिक असते. कोळ्यांमुळे खाजवून खाजवून कान जखमी झाल्यावर बुरशी व जंतू मागाहून शिरकाव करतात. अशा वेळी तिन्ही प्रकार एकत्र असू शकतात, आणि मग केवळ मळ पाहून निर्णय करता येत नाही.

पाऊस ओसरल्यावर आणखी एक कारण पुढे येते. सड्यावरचे गवत पिकून वाळते आणि त्याची कुसळे सुटतात. या गवतातून फिरून आलेला कुत्रा एकाएकी एकाच बाजूला मान कलती करून डोके जोराने झटकू लागला, तर त्या कानात कुसळ गेले आहे असे समजावे. कुसळाची ठेवण अशी असते की ते पुढेच सरकते, मागे येत नाही. पडदा फोडून ते आतही जाऊ शकते. सकाळी बरा असलेला कुत्रा दुपारी एक कान खाली टाकून आला, तर तेल ओतण्यात वेळ न घालविता त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्यावे. एक कान की दोन्ही, हळूहळू की एकाएकी, हे दोन प्रश्न मालकाला विचारल्यास निम्मे निदान होते.

खरजेची कीड कानाच्या नळीत न होता पाळीच्या कडेवर प्रथम दिसते. कडा जाड होते, करड्या खपल्या धरते, केस जातात; मग कोपर व पोटाकडे तीच लक्षणे पसरतात. ही खरूज घरातील माणसांनाही तात्पुरती खाज आणते. घरातील मुलांच्या हातांवर व पोटावर पुरळ आणि कुत्र्याच्या कानाची कड खपलीदार, असे दोन्ही एकदम आढळल्यास खरजेचा संशय घ्यावा.

कानातील गोचिडी

गोचीड ओळखण्यास भिंग लागत नाही. तथापि कुत्र्याच्या पाठीवरची गोचीड काढणारे शेतकरी कानाच्या पाळीच्या आतील घड्या क्वचितच पाहतात, आणि कुत्र्यावरील तपकिरी गोचिडीला तीच जागा विशेष पसंत असते. बोटांच्या बेचक्यातही ती सापडते. रक्त पिऊन फुगलेली मादी सुमारे एक सेंटीमीटरपर्यंत होते व एरंडाच्या बीसारखी दिसते. हे साम्य जुन्या काळीही लोकांच्या ध्यानात आले होते. एरंडाचे शास्त्रीय नाव 'रिसिनस' असे आहे, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थच गोचीड असा होतो. लहान अवस्थेतील गोचिडी मात्र मोहरीपेक्षाही बारीक असतात व मळाचे कण म्हणून दुर्लक्षिल्या जातात. बोटाने सरकत नाही असा कण म्हणजे कातडीला चिकटलेली गोचीड होय.

कुत्र्याच्या या गोचिडीचा बंदोबस्त कुत्र्याच्या अंगावर होण्यापेक्षा घराच्या भिंतीत होणे अधिक अगत्याचे आहे. फुगलेली मादी कुत्र्याला सोडून खाली पडते, भिंतीवर चढते आणि फटीत शिरून हजारांच्या संख्येने अंडी घालते. कोकणातील घरे व मांगर चिऱ्याचे. जांभ्या दगडाचा अंगचा गुणच सच्छिद्रपणाचा. गिलावा न केलेल्या भिंतीत गोचिडीला आयत्या कोठड्या मिळतात. पूर्ण वाढलेली गोचीड अन्नावाचून महिनोन्‌महिने तग धरते. म्हणून कुत्रा साफ केला तरी काही आठवड्यांनी गोचिडी पुन्हा दिसतात व "औषध लागू पडत नाही" असा ग्रह होतो. ज्या कोपऱ्यात कुत्रा झोपतो त्याच्या आजूबाजूच्या भिंतीच्या फटी व छिद्रे छातीइतक्या उंचीपर्यंत तरी बुजवून घ्यावीत, जुने गोणपाट जाळावे, नवे दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे. भिंतीवर औषध फवारावयाचे ते कोणते व किती, हे पशुवैद्याला विचारूनच ठरवावे. गोठा जवळ असल्यास याची गरज अधिकच.

या गोचिडीमुळे कुत्र्याला गोचीडताप होतो. ताप, अन्नावरची वासना जाणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे ही त्याची चिन्हे होत. कानात गोचिडी आणि हिरड्या फिकट, असे आढळल्यास प्रश्न कानाचा राहत नाही, रक्ताचा होतो. रक्ततपासणी करून घ्यावी.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात गोचीड हा विषय आणखी एका कारणाने गंभीर आहे. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ साली या जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात आढळला. हा रोग प्रामुख्याने रानातील निराळ्या जातीच्या गोचिडीमार्फत माणसाला होतो. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड त्याची मुख्य वाहक नव्हे. परंतु काजूच्या बागेत व रानात हिंडणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर रानातल्या गोचिडीही येऊ शकतात, आणि कोणती गोचीड कोठली हे साध्या डोळ्यांना ओळखता येत नाही. म्हणून एक नियम सर्वच गोचिडींना लावावा : उघड्या हाताने काढू नये व बोटांनी चिरडू नये. हातमोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला चढवून, बारीक चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ वर ओढावी व साबणाच्या दाट पाण्यात टाकावी. पेटती उदबत्ती लावणे अथवा रॉकेलचा बोळा धरणे हे उपाय घातक आहेत. कर्णनलिकेत खोल असलेली गोचीड पशुवैद्यानेच काढावी. मेलेले माकड आढळल्यास त्याला हात न लावता, कुत्र्यालाही तेथे जाऊ न देता, आरोग्य अथवा वन विभागास कळवावे.

दुर्लक्षाचे परिणाम

सतत डोके आपटल्याने कानाच्या पाळीतील रक्तवाहिनी फुटते व पाळी एका रात्रीत पाण्याच्या पिशवीसारखी फुगते. ही रक्तगाठ होय. ती घरी सुईने फोडू नये. पुन्हा भरते, व जंतू शिरतात. खाजवून झालेल्या जखमेवर माशी बसली तर दोन दिवसांत अळ्या पडतात. कानातून कुजका वास, कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात लपून बसणे, हात लावू न देणे ही अळ्यांची चिन्हे समजावीत. गुरांच्या जखमेत टर्पेंटाईन घालण्याची पद्धत पुष्कळांना ठाऊक असते, परंतु कानात ते घालणे म्हणजे जिवंत मांस भाजणे आहे. पडदा फुटून दुखणे आतल्या कानात गेले, तर कुत्रा मान वाकडी ठेवतो, एकाच बाजूला गोल फिरतो, चालताना तोल जातो. येथवर आल्यावर तो वाचला तरी त्या कानाची श्रवणशक्ती परत येईलच असे सांगता येत नाही.

उपचार

कोळ्यांवर आज चांगली औषधे उपलब्ध आहेत. कानात घालावयाचे थेंब, मानेवर कातडीला लावावयाचे सेलामेक्टिनसारखे द्रव औषध, तसेच अलीकडे फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर यांसारख्या गोळ्या निघाल्या आहेत. या गोळ्या गोचिडींवरही चालतात. कोणते औषध व किती, हे कुत्र्याचे वजन, वय, पडद्याची स्थिती व कुत्री गाभण आहे किंवा काय यांवर ठरते. पुष्कळ थेंबांनी किडी मरतात पण अंडी मरत नाहीत. म्हणून चार दिवसांत खाज थांबली म्हणून औषध बंद केल्यास अंड्यांतून नवी पिढी निघते. वर सांगितलेला तीन आठवड्यांचा हिशेब येथे लागू होतो. पशुवैद्याने सांगितलेली मुदत पूर्ण करावी. पडदा फुटलेला असताना काही सामान्य औषधांनी बहिरेपण येऊ शकते, म्हणून गेल्या वर्षीची उरलेली बाटली, किंवा शेजाऱ्याच्या कुत्र्याला लागू पडलेले औषध, वापरू नये.

गुरांवरील गोचिडींसाठी आणलेली फवारणीची औषधे कुत्र्याच्या कानात घालण्याचा प्रकार कटाक्षाने टाळावा. त्यांपैकी काही औषधे मांजराला अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरतात; कुत्र्याच्या अंगावर लावलेले परमेथ्रीन त्याला बिलगून झोपणाऱ्या मांजराचा जीव घेऊ शकते. गुरांच्या आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने टोचणेही धोक्याचे. कोली व तत्सम मेंढपाळ जातींच्या कित्येक कुत्र्यांना त्यापासून मेंदूची विषबाधा होते, आणि संकरित कुत्र्यात कोणत्या जातीचे रक्त आहे हे बाहेरून कळत नाही.

उपचार घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी झाला पाहिजे, मग खाज एकालाच असो. या एका गोष्टीत बहुतेक उपचार फसतात. दवाखान्यात कुत्रा नेला जातो, मांजर चुलीमागे राहते, आणि महिन्याभरात कुत्रा पुन्हा डोके झटकू लागतो. कोळी जनावराच्या अंगाबाहेरही काही दिवस जगू शकतात, म्हणून अंथरूण-गोणपाट त्याच दिवशी बदलावे. कुत्र्याला ओढ्यावर किंवा विहिरीवर अंघोळ घातल्यास कानाची बाहेरील बाजू कोरड्या फडक्याने पुसावी. ज्यांना दवाखाना दूर पडतो, त्यांनी पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी असलेल्या १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा.

उपचाराची मुदत संपल्यावर आठ दिवसांनी काळ्या कागदाची परीक्षा पुन्हा करावी. मळ फिकट व थोडा असेल, ठिपके हलत नसतील, तर कान साफ झाला असे समजावे, आणि पुढे पावसाळ्यात दर आठवड्याला व एरवी महिन्यातून एकदा पाळी उलटून पाहत जावे. ठिपके हलताना आढळले, तर औषधाला दोष देण्यापूर्वी घरातील मांजराचे कान पाहावेत.